उसण भरली म्हणजे

कपाशीची वेचणी सुरू झाली कीं बुलढाणा जिल्ह्यांतील गांवोगांवच्या बायांच्या कमरेला ओटी बांधली जाते. ओटींत कापूस भरत जातो तसतसा तिचा भार पुढें ओढूं लागतो, आणि तो सावरतां सावरतां कंबर दिवसभर वांकलेली ती वांकलेलीच राहते. संध्याकाळीं कापसाचें वजन झालें म्हणजे बाई दोन्ही हात कमरेवर ठेवते आणि हलकेंच मागें वांकते. घाटावर चिखली-मेहकरकडे असो कीं घाटाखालीं मलकापूर-नांदुऱ्याकडे असो, हें दृश्य सारखेंच. खामगांवच्या एखाद्या बँकेंत किंवा बुलढाण्याच्या एखाद्या कचेरींत दिवसभर संगणकासमोर बसणारा कारकून सहा वाजतां खुर्चीवरून उठतो, तेव्हां तोहि अगदीं हेंच करतो. कष्ट निराळे आणि त्यांचें मोलहि निराळें. पाठ मात्र दोघांची एकाच घडणीची.

जागतिक आरोग्य संघटनेनें दिलेल्या आंकड्यांवरून २०२० सालीं जगांत ६१ कोटी ९० लाख माणसें कमरेच्या दुखण्यानें त्रस्त होतीं. म्हणजे दर तेरा माणसांमागें एक. हा आंकडा ऐकून कोणास फारसें नवल वाटणार नाहीं. शेकण्याची रबरी पिशवी, दारामागें टांगलेला कमरपट्टा आणि अर्धी संपलेली मलमाची नळी ज्या घरांत नाहीं असें घर विरळा. नवल वाटावें असें आहे तें दुसरेंच. साडी घ्यावयाची तर चार दुकानें पालथीं घालणारें, मुलाच्या शिकवणीसाठीं दहा ठिकाणीं चौकशी करणारें सुशिक्षित कुटुंब, दुखरी पाठ किंवा आंखडलेली मान कोणाच्या हातीं द्यावयाची याची मात्र कसलीच चौकशी करीत नाहीं. शेजारणीनें नांव सुचविलें, 'हात चांगला आहे' असें ऐकलें, कीं तेवढ्यावर भागतें.

पूर्वीं निवडीचा हा प्रश्न फारसा येतच नसे. पाठींत उसण भरली कीं आळींतल्या पायाळू माणसाला बोलावणें जाई. जन्मतांना जो पायांकडून बाहेर आला त्याचा पाय लागला म्हणजे उसण उतरते, असा समज. त्यामुळें एखाद्या शाळकरी पोराकडून वडीलधारी मंडळी खुशाल पाठीवर लाथ मारून घेत, आणि त्या पोराला आयुष्यांत एवढीच काय ती वडिलांना लाथ मारण्याची मुभा असे. गंमत अशी कीं पुष्कळांची उसण खरोखरच उतरे. त्याचें कारण पायाळूपणांत नव्हे, उसणीच्या स्वभावांत आहे. उसण म्हणजे स्नायूंची एकाएकीं आलेली आंखड. बहुतेक वेळां ती कांहीं दिवसांत, फार तर कांहीं आठवड्यांत, आपोआप ओसरते. त्या मधल्या काळांत ज्यानें लाथ मारली त्याला यश येतें, ज्यानें तेल चोळलें त्यालाहि येतें, आणि ज्यानें दहा दिवस यंत्र लावून दहा दिवसांचे पैसे घेतले त्यालाहि येतें. अंगदुखीवर उपचार करणाऱ्याची पारख एवढी अवघड होऊन बसली आहे ती यामुळेंच. 'त्याच्या हातानें अमक्याला गुण आला' ही साक्ष खरी असते, पण ती हाताविषयींची नसून काळाविषयींची असण्याचा संभव फार.

याचा अर्थ मर्दन निरुपयोगी आहे असा नव्हे. वाग्भटानें आपल्या ग्रंथांत दिनचर्या सांगतांना रोजच्या अभ्यंगाचा उपदेश केला आहे. डोकें, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष द्यावें असें म्हटलें आहे. आणि त्याच ठिकाणीं कफाचा विकार झालेल्यानें, नुकतेंच शोधन झालेल्यानें व अजीर्ण झालेल्यानें अभ्यंग करूं नये असेंहि बजावलें आहे. कोणी करूं नये हें सांगण्याची ही जुनी शिस्त अलीकडच्या जाहिरातींतून मात्र अजीबात नाहींशी झालेली दिसते. नरकचतुर्दशीचें पहाटेचें स्नान, बाळंतिणीची शेकशेगडी, तालमींतला मातींत केलेला रगडा, हें सारें महाराष्ट्राच्या अंगवळणीं पडलेलें आहे. परदेशींहि ही विद्या हिंदुस्थानांतूनच एका वाटेनें गेली. पाटण्यास जन्मलेला शेख दीन महंमद नांवाचा गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत ब्रायटन येथें वाफेचें स्नान व चंपी यांचें दुकान थाटून बसला, आणि पुढें तेथील दोन राजांचा अधिकृत चंपीवाला म्हणून मिरवला. केंस धुण्याच्या ज्या द्रवाला आज घरोघर शांपू म्हणतात, तो शब्द आपल्या चंपीचाच इंग्रजी अवतार होय.

मर्दनानें काय होतें? कातडीखालचें रक्ताभिसरण कांहीं काळ वाढतें, आंखडलेले स्नायू सैल पडतात, मज्जातंतूंना दुखण्यावांचून दुसरी एक सुखद वार्ता मिळते, आणि मन शांत होतें. झोंप चांगली लागते. चिंतेनें किंवा अतिश्रमानें खांदे कानांपाशीं जाऊन बसलेल्या माणसाला ही काय थोडी प्राप्ति झाली? परंतु मणक्यामधली सरकलेली गादी मर्दनानें जागेवर बसत नाहीं, झिजलेला गुडघा भरून येत नाहीं, आणि 'चढलेली नस उतरविणें' हा तर केवळ बोलण्याचा प्रकार. नस कोठें चढत नाहीं कीं उतरत नाहीं. जो मर्दन करणारा आपण आराम देतों एवढेंच म्हणतो, तो खरें बोलतो. जो हाड बसवितों, गादी सरकवितों, मधुमेह घालवितों असें म्हणतो, त्याच्या हातांतलें कसब कितीहि चांगलें असो, त्याच्यापासून दूर राहिलेलें बरें.

फिजिओथेरपिस्ट, ज्याला शासकीय मराठींत भौतिकोपचारतज्ज्ञ असें भारदस्त नांव आहे, तो मात्र नुसता मर्दन करणारा नव्हे. त्याच्या धंद्याचा उगम पाहिला तर आजच्या प्रश्नाचें उत्तर त्यांतच सांपडतें. स्वीडनमध्यें पेर हेन्रिक लिंग यानें १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामविद्येची संस्था काढली आणि विशिष्ट दुखण्यासाठीं विशिष्ट हालचाल हा विचार रूढ केला. पुढें इंग्लंडांत मर्दनाला एवढी मागणी आली कीं लंडन शहरांत त्याच्या नांवाखालीं भलतेच धंदे चालूं लागले. डॉक्टरांच्या साप्ताहिकानें १८९४ सालीं त्याचा बोभाटा केला. तेव्हां त्याच सालीं चार परिचारिकांनीं एकत्र येऊन शिकलेल्या मर्दनकार स्त्रियांची संस्था स्थापन केली. त्यांनीं परीक्षा ठेवली आणि वागणुकीचे नियम घातले. सभ्य घरांतील माणसानें निर्धास्तपणें कोणाच्या हातीं अंग द्यावें, या एकाच प्रश्नाचें तें उत्तर होतें. १९२० सालीं त्या संस्थेस राजाची सनद मिळाली आणि १९४४ सालीं तिच्या नांवांत फिजिओथेरपी हा शब्द आला. मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत या विद्येची शाळा निघाली ती १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत. पोलिओनें लुळे पडलेले पाय पुन्हां उभे करावयाचे हें त्या काळचें तिचें मोठें काम होतें. कमरेचें, मानेचें दुखणें घेऊन आज जो बाक भरलेला असतो, त्याचें स्थान तेव्हां दुय्यमच होतें.

आतां महाराष्ट्रांत फिजिओथेरपीच्या पदवीसाठीं चार वर्षांचा अभ्यास आणि त्यावर सहा महिन्यांचें प्रत्यक्ष काम असा क्रम अनेक वर्षें चालत आला. शरीररचना, मज्जासंस्था, हृदय व फुफ्फुसें यांचा अभ्यास त्यांत येतो. राज्यांत व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे, तिच्याकडे नोंदणी होते. आणि २०२१ सालीं देशाच्या संसदेनें आरोग्याशीं संलग्न असलेल्या व्यवसायांचा जो कायदा केला, त्यांत फिजिओथेरपीचाहि समावेश आहे. तेव्हां पाटीवर कोणती अक्षरें मोठीं आहेत हें पाहण्यापेक्षां पदवी कोणती, ती कोठली, आणि नोंदणीचा क्रमांक आहे कीं नाहीं, एवढें विचारावें. विचारण्यांत संकोच कसला? सोनाराकडे गेल्यावर सोन्याचा कस विचारतांना कोणी लाजत नाहीं. ज्याची नोंदणी आहे त्याला हा प्रश्न अपमानाचा वाटत नाहीं. ज्याला वाटतो त्याचें उत्तर त्या रागांतच आलें. कांहीं आठवड्यांच्या शिक्षणक्रमाचें चौकटींत बसविलेलें प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे, हेंहि ध्यानांत असावें. पंचकर्माच्या केंद्रांत गेल्यास तपासणारा वैद्य कोण आणि तेल लावणारा मदतनीस कोण, हें आधींच समजून घ्यावें. पाटीवर नांव एकाचें असतें आणि पाठीवर हात दुसऱ्याचा असतो.

मर्दन करणाऱ्याला मात्र अशी पदवी नाहीं कीं नोंदणी नाहीं. जपानांत या व्यवसायास सरकारी परीक्षा द्यावी लागते आणि अंधांच्या शाळांतून ही विद्या पिढ्यान् पिढ्या शिकविली जाते. आपल्याकडे तसें झालें नाहीं. त्यामुळें येथें पारख करावी ती वागण्यावरून. चांगला मर्दन करणारा तेल हातावर घेण्याआधीं विचारतो: पडलांत का, ताप आहे का, रक्त पातळ करण्याचें औषध चालू आहे का, साखर आहे का, पोटुशी आहे का? तो मध्यें मध्यें दाब कसा वाटतो हें विचारतो आणि 'थांबा' म्हटलें कीं थांबतो. दुखेल तितका गुण येईल हा समज सर्वस्वीं खोटा. दुसऱ्या दिवशीं अंग काळेंनिळें झालें तर ती औषधाची खूण नव्हे, माराची खूण होय.

शेगांवची पालखी दरवर्षीं पायीं पंढरपुरास जाते. महिनाभर चालणें, आषाढीचें दर्शन, आणि मग परत. परतीच्या शेवटच्या दिवशीं खामगांवाहून शेगांवापर्यंत पालखीबरोबर चालण्यासाठीं हजारों माणसें लोटतात. सुमारें सतरा-अठरा किलोमीटरांची ती वाट. त्यांत महिनाभर चाललेले वारकरी असतात, त्यांचे पाय लोखंडाचे झालेले. आणि वर्षभर खुर्चीवर बसून त्या एका दिवशीं भक्तीनें उठलेले दुकानदार, शिक्षक, वकील व त्यांच्या गृहिणीहि असतात. दुसऱ्या दिवशीं, आणि तिसऱ्या दिवशीं अधिकच, त्यांच्या पोटऱ्या व मांड्या अशा धरतात कीं जिना उतरतांना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. हें दुखणें दोन्ही पायांत सारखें असतें, एकदोन दिवसांनीं शिगेस पोंचतें आणि आठवड्याच्या आंत जातें. संवय नसलेल्या स्नायूंवर पडलेल्या कामाची ती पावती आहे. कोमट तेलाचा हलका हात, थोडें हिंडणें-फिरणें, पुरेसें पाणी, झोंप, बस्स. येथें मर्दन करणाऱ्या हातापेक्षां योग्य दुसरें कांहीं नाहीं, आणि फिजिओथेरपिस्टकडे धांव घेण्याचेंहि कारण नाहीं.

परंतु त्याच गर्दींत एखादा असा निघतो कीं ज्याची एकच पोटरी सुजलेली, ऊन व लालसर झालेली, दाबतांच दुखणारी असते. पालखी झाली म्हणून पाय दुखतो असें घरचे म्हणतात आणि रगडणाऱ्यास बोलावतात. असा पाय कोणीहि रगडूं नये. आंतल्या शिरेंत रक्ताची गुठळी झालेली असेल तर रगडण्यानें ती सुटून फुफ्फुसांत जाऊं शकते, आणि तेथें ती प्राणावर बेतते. लांबच्या बसच्या किंवा आगगाडीच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर आणि बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिल्यानंतर या गोष्टीचा संभव वाढतो. अशा वेळीं पहिली भेट डॉक्टरची, दुसऱ्या कोणाचीहि नाहीं.

कमरेच्या बाबतींतहि अशा कांहीं खुणा प्रत्येक घरांत पाठ असाव्यात. कंबर दुखत असतां मूतविसर्जनावरचा किंवा शौचावरचा ताबा जाणें, बसण्याच्या जागेला बधिरता येणें, पाऊल उचलेनासें होऊन चप्पल पायांतून गळणें. यांपैकीं कांहींहि झालें तर उद्यांची वाट पाहूं नये, त्याच रात्रीं रुग्णालय गांठावें. मणक्याच्या तळाशीं असलेला मज्जातंतूंचा झुबका दाबला गेला असेल तर तासांचा हिशेब असतो आणि उशीर झाल्यास गेलेली शक्ति परत येईलच असें नाहीं. पाठदुखीबरोबर ताप, कारण नसतां घटणारें वजन, पडल्या जागीं रात्रभर ठणकणारी व कोणत्याहि कुशीवर न थांबणारी वेदना, पूर्वीं कर्करोग होऊन गेलेला असणें, वृद्ध स्त्रीला किरकोळ धक्क्यानें एकाएकीं उठलेली कळ. यांतहि आधीं निदान, मग हात. आपल्या देशांत मणक्याचा क्षय हा कांहीं दुर्मिळ रोग नव्हे, आणि तो आरंभीं पाठदुखीचेंच सोंग घेऊन येतो. डावा खांदा किंवा जबडा दुखत असून छातींत दडपण व घाम असेल तर तो खांद्याचा विकार मानून तेल लावीत बसणें किती महागांत पडेल हें सांगावयास नको.

मुलांच्या कोपराविषयीं थोडें थांबून बोलणें अवश्य आहे, कारण येथें होणारी चूक प्रेमापोटीं होते. चिंचेच्या झाडावरून किंवा सायकलवरून मूल पडतें, कोपर सुजतें, मूल हात हलवूं देत नाहीं. आजी हळद-तेल गरम करते, कोणी जाणता माणूस हात ओढून 'बसवितो', आणि मग आठ-पंधरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ कोपर चोळलें जातें. दुखावलेल्या कोपराला जोरानें चोळल्यानें व बळेंच ताणल्यानें सभोंवतालच्या स्नायूंत हाड धरूं लागतें. एकदां तें धरलें कीं कोपर तेथेंच अडून बसतें. घांस तोंडापर्यंत नेणें, वेणी घालणें, पाठीला हात लावणें, सगळेंच अवघड होतें. तसेंच, मोडलेल्या हातावर बांबूच्या कांबी घालून करकचून बांधलेल्या पट्टीखालीं रक्त थांबून बोटें काळीं पडल्याचीं उदाहरणें हाडांच्या डॉक्टरांना नवीं नाहींत. पडलेल्या मुलाचा हात आधीं एक्स-रे पाहिल्यावांचून कोणाच्याहि हातीं देऊं नये. प्लास्टर निघाल्यानंतर सांधा मोकळा करण्याची वेळ येते, आणि तें काम मात्र फिजिओथेरपिस्टचें. तो मुलाकडून हात हलवून घेतो, स्वतः बळ लावीत नाहीं.

केशकर्तनालयांत दाढी झाल्यावर मान एका झटक्यांत डावीउजवीकडे मोडून 'कट्' असा आवाज काढण्याची पद्धति आहे. पुष्कळ पुरुषांना त्यावांचून दाढी पुरी झाल्यासारखें वाटत नाहीं. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या जातात. झटक्यानें त्यांचें आंतलें अस्तर क्वचित् फाटतें, तेथें गुठळी होते, आणि धडधाकट माणसाला पक्षाघात होतो. असें वरचेवर होत नाहीं हें खरें. परंतु एका आवाजाच्या सुखासाठीं एवढी पैज कशाला? खांदे चोळा, डोकें चोळा, मान मोडूं नका, असें कारागिरास गोडीनें सांगितलें तर तो मुळींच रागावत नाहीं.

स्त्रियांची अडचण याहून निराळी आहे, आणि ती बोलून दाखविली जात नाहीं म्हणूनच मोठी. कंबर दुखते, पण तपासणारा पुरुष आहे. सासूबाई बरोबर येणार, पण आंत येणार कीं बाहेर बसणार हें ठाऊक नाहीं. अशा विचारांत वर्षें जातात आणि दुखणें मुरतें. येथें स्पष्टपणें सांगितलें पाहिजे कीं स्त्री फिजिओथेरपिस्ट मिळेल काय असें विचारणें, आपल्या माणसास खोलींत बसविणें, कोणता पदर किंवा कोणतें वस्त्र किती बाजूस करावयाचें व कां, हें आधीं समजून घेणें, आणि मध्येंच नको वाटल्यास तेथल्या तेथें थांबविणें, हा प्रत्येक रुग्णाचा अधिकार आहे. कमरेच्या उपचारासाठीं संबंध उघडें होण्याची गरज नसते. दार आंतून लावून घेणारा, आडवळणानें बोलणारा किंवा 'घरीं सांगूं नका' म्हणणारा इसम कितीहि मोठ्या पदवीचा असला तरी तेथून उठून यावें आणि घरीं प्रथम तेंच सांगावें. घरच्या पुरुषांनींहि त्यावर पहिला प्रश्न 'तूं तेथें गेलीसच कां' असा विचारूं नये.

बाळंतिणीला व बाळाला तेल लावणारी बाई या साऱ्या निवाड्यांत कोठें बसते? तिला अडाणी म्हणून घालवून देणें हा सुशिक्षितांचा एक उतावीळपणा आहे. बाळाचें अंग कसें धरावें, रडणें भुकेचें कीं झोंपेचें, हें तिच्या हातांना कळतें. आणि रात्रभर जागलेल्या बाळंतिणीला अर्धा तास दुसरें कोणी आपलें अंग हातीं घेतें याचेंच मोल फार असतें. तिला मोजक्या चारच गोष्टी सांगाव्या: बाळाच्या नाकाकानांत तेल घालूं नये, नाक ओढून आणि डोकें दाबून आकार देऊं नये, ताप असतां तेल लावूं नये, आणि बाळंतिणीचें पोट शस्त्रक्रियेचें असेल तर टांक्यांना हात लावूं नये. तिची बिदागी मात्र घासाघीस न करतां द्यावी. फिजिओथेरपिस्टला न कुरकुरतां शेंकड्यांनीं रुपये देणारें घर हिच्यापाशीं दहा रुपयांसाठीं अडून बसतें, हें शोभत नाहीं.

आतां जें दुखणें तीन महिन्यांच्या पुढें गेलें त्याविषयीं. येथें फिजिओथेरपिस्ट हवा. आणि तो चांगला कीं वाईट हें पहिल्याच भेटींत कळतें. चांगला माणूस पहिल्या भेटींत हातापेक्षां कान अधिक वापरतो. काम काय, खुर्ची कशी, झोंप लागते का, कशानें वाढतें, कशानें उतरतें, घरांत कसली काळजी आहे का, हें तो विचारतो. चालवून, वांकवून, टांचांवर व चवड्यांवर उभें करून पाहतो. पायांतील शक्ति व स्पर्शाची जाणीव तपासतो. जेथें आल्याबरोबर पडद्यामागें झोपवितात, एक यंत्र लावून घंटा होईपर्यंत निघून जातात आणि दुसऱ्या दिवशीं तेंच करतात, तेथें उपचार यंत्राचा होतो, रोग्याचा होत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०२३ मध्यें कमरेच्या जुनाट दुखण्याविषयीं मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. त्यांत व्यायाम, दुखण्याची नीट समजूत घालणें, मनाला धीर देण्याचे उपचार आणि मर्दनहि उपयोगाचें मानलें आहे. उलट कमरपट्टा, वजन लावून ओढ देणें, ध्वनिलहरींचें यंत्र आणि त्वचेवरून विजेच्या लहरी सोडण्याचें यंत्र हीं नित्याच्या उपचारांत वापरूं नयेत असें सुचविलें आहे. दारामागें टांगलेल्या त्या पट्ट्याची आठवण येथें कित्येकांना झाल्यावांचून राहणार नाहीं.

मधुमेही माणसानें आणखी एक खबरदारी घ्यावी. त्याच्या पावलांना पुष्कळदां ऊन-थंड कळत नाहीं; शेकतांना कातडी भाजली तरी समजत नाहीं आणि ती जखम महिनोन् महिने चिघळते. शेक घेण्याआधीं पिशवीची ऊब घरांतील दुसऱ्याच्या हातानें पाहून घ्यावी. खांदा हळूहळू जखडत जाऊन हात वर जाईनासा होण्याचा विकारहि मधुमेह्यांत अधिक आढळतो. तो झटका देऊन मोकळा करावयाचा नसतो, त्याला महिने लागतात, आणि तसें आधींच सांगणारा माणूस विश्वासाचा.

व्यायाम हा शब्द ऐकून पुष्कळजण नाक मुरडतात. तेल लावून घेणें सुखाचें, व्यायाम कष्टाचा. म्हणून मर्दन करणाऱ्याकडे दहा वर्षें जातील, पण शिकविलेले चार प्रकार दहा दिवस करणार नाहींत. फिजिओथेरपिस्टनें किती भेटी लागतील, कोणत्या भेटीपर्यंत काय जमूं लागावें, आणि न जमल्यास पुढें काय, हें आरंभींच सांगावें अशी अपेक्षा ठेवावी. तीस भेटींचे पैसे आगाऊ मागितल्यास देऊं नयेत. चार-सहा भेटींत तिळमात्र फरक नसेल तर पुन्हां तपासणी मागावी किंवा दुसऱ्याचें मत घ्यावें. रोजचें जाणें-येणें खर्चाचें असेल तर, विशेषतः मोताळा-संग्रामपुराकडून जिल्ह्याच्या ठिकाणीं यावयाचें असेल तर, तें मोकळेपणीं बोलावें. व्यायाम कागदावर लिहून घेऊन आठवड्यानें किंवा पंधरवड्यानें जाणें पुष्कळदां पुरतें. सरकारी सामान्य रुग्णालयांत ही सोय आहे का, याची चौकशी खाजगी दार ठोठावण्याआधीं करावी. राजूर घाटाच्या वळणांतून मोटारसायकलवर हादरे खात रोज उपचाराला यावयाचें आणि परततांना ती कंबर पुन्हां दुखवून घ्यावयाची, यांत कोणाचें हित आहे?

ओटी बांधणाऱ्या बाईला मात्र यांतलें बरेंच कांहीं परवडणारें नाहीं. तिचा रोज बुडतो. ज्यांच्या शेतांत ती वेचणी करते त्यांपैकीं पुष्कळजण शहरांत राहणारे, शिकलेले, आणि स्वतःच्या पाठीसाठीं गादी बदलणारे आहेत. ओटी शिगोशीग भरण्याआधींच रिकामी करण्याची मुभा, बांधावर सावलींत मोठें गांठोडें, तासा-दोन तासांनीं पांच मिनिटें कंबर सरळ करण्याची सवलत, आणि वजन करतांना तेवढ्या वेळाबद्दल कुरकुर न करणें, एवढें त्यांच्या हातांत आहे. पुढच्या वेचणीला मजूर ठरवितांना दराबरोबर हेंहि बोलून घेतां येईल.